बाप्या माणसाची सही

“बरोबर पुरुष माणूस कोण आहे?” डॉ. निमकरांनी विचारलं.

आयसीयूच्या दारात उभ्या असलेल्या द्वारकाबाईंनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं आणि शेवटी स्वतःच्या पायांकडं पाहिलं. “मी हाय की,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही पुरुष आहात का, आजी?”

“न्हाई. पर माझ्याम्होरं आमच्या घरात एक बी पुरुष त्वांड वर करून बोलत न्हाई.”

मी हसू खोकल्यात लपवलं. निमकर सर हसले नाहीत. ते आमचे विभागप्रमुख होते. दहा वाजता इस्त्रीचा कोट घालून यायचे आणि पाच वाजता तो तसाच कडक घेऊन घरी जायचे. मी तेव्हा हृदयरोगाचं पुढचं शिक्षण घेत होते आणि जिभेमुळं विभागात फारशी लाडकी नव्हते. “चौगुले, तुझं निदान चांगलं असतं, पण ते ऐकायची इच्छा होत नाही,” असं सर मला चारचौघांत म्हणायचे.

आत खाटेवर द्वारकाबाईंची सून होती, कलावती खिलारे. कवठे महांकाळकडच्या एका गावात तिची मिरची कांडपाची गिरणी होती. तरुणपणी तिच्या हृदयात धातूची झडप बसवलेली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. तिनं ती बंद केली होती, गुठळी धरली होती, आणि झडप दाराला फडकं अडकावं तशी अर्धवट अडकून बसली होती. हृदयातून पुढं रक्तच जाईना, रक्तदाब कोसळला, हातपाय गार पडले, ओठ निळे झाले. याला आम्ही कार्डिओजेनिक शॉक म्हणतो. यात माणूस सहसा बोलत नाही. कलावती मात्र दोन शब्द बोलून एक श्वास घेत होती आणि पुन्हा बोलत होती.

“गोळी का बंद केलीत?” मी विचारलं.

“आवो डागदरीणबाई, उन्हाळ्यात दारात मिरचीची रांग. हाताला जरा कापलं की रगात थांबंना. बायका म्हणायला लागल्या, कलावती, मिरची हाय तेवढी लाल बास, तुझं रगात नगं त्यात. मग म्हटलं, शिझन हुईस्तवर बंद ठिवू.”

“आणि त्रास कधीपासून?”

“परवापासनं छातीतली टिकटिक गप झाली. आमचं मालक म्हणायचं, तुझ्या घड्याळानं मला रातचं झोप न्हाई. आता लागंल म्हणावं, निवांत.”

असं म्हणून ती हसायला गेली आणि तिला धाप लागली. मी ऑक्सिजन वाढवला. झडप ताबडतोब बदलायला हवी होती. शस्त्रक्रिया विभागाचे डॉ. माणगावकर तयारीत होते, थिएटर रिकामं होतं, रक्ताच्या पिशव्या आल्या होत्या. घोडं अडलं होतं ते सहीवर. कलावतीचा नवरा ट्रक घेऊन ब्याडगीला मिरची आणायला गेला होता, आणि त्याचा मोबाईल लावला की एक बाई गोड आवाजात कानडीतून काहीतरी सांगायची. ती बाई सोडून दुसरं कुणी आम्हाला भेटत नव्हतं.

इथं सरांच्या संशोधनाबद्दल सांगायला हवं. हृदयाच्या झडपेचा घोटाळा होऊन शॉकमध्ये आलेल्या रुग्णांत पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावतात, हे आमच्याकडच्या नोंदींतून दिसत होतं. का, याचं उत्तर सरांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. बायका उशिरा येतात. अंगावर काढतात, उपास करतात, आधी भगताकडं जातात, आणि अगदी मरायला टेकल्या की आपल्या दारात येतात. त्या हिवाळ्यात हैदराबादच्या परिषदेत ते हे वाचून दाखवणार होते. पुरावा शोधायचं काम माझ्याकडं होतं. म्हणजे लग्न ठरलेलं, मुहूर्त काढलेला, आता मुलगी बघून या असं ते काम होतं.

मी बघून आले. बायका थोड्या उशिरा येत होत्या हे खरं, पण थोड्याच. खरा उशीर व्हायचा तो आमच्या दाराच्या आत. पुरुष आला की जेवणाची वेळ व्हायच्या आत थिएटरमध्ये असायचा. बाई आली की तिच्या खाटेशी दिवस मावळायचा. मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “दाखल झाल्यानंतरचा वेळ हा आपला विषय नाही.”

आता तो विषय समोर निळा पडत होता.

“सर, ती शुद्धीवर आहे, सज्ञान आहे. तिचीच सही घेऊ,” मी म्हणाले.

“कायदा मला शिकवू नकोस, चौगुले.”

“मग आपण कशासाठी थांबलोय?”

“माझ्या खोलीची काच कुणी फोडली आठवतं ना? बायकोच्या सहीवर ऑपरेशन केलं म्हणून? ती बिचारी बरी होऊन उभी होती शेजारी, तरी त्यानं काच फोडली. उद्या ही गेली तर तो ट्रकवाला ट्रक घेऊन आत येईल.”

तेव्हापासून विभागाचा तसा नियम झाला होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळं तो मोडताही येत नव्हता. बाईसाठी नवरा, दीर, सासरा, भाऊ, मुलगा, कुणीतरी बाप्या हवा. पुरुष रुग्ण मात्र स्वतःच सही ठोकायचे आणि वर पेन खिशाला लावून न्यायचे.

आमचं बोलणं खाटेपर्यंत जात होतं. कलावतीनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

“सायेब, मी सरपंच हुतो.”

“हो का? छान. बोलू नका.”

“अख्ख्या गावाच्या रहिवासी दाखल्यावर माझी सही चालली. बापय गडी हुबं राहायचं माझ्या सहीसाठी. आन् माझ्याच छातीवर चालंना व्हय माझी सही?”

“ते दाखले वेगळे, बाई,” सर म्हणाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. सही करणारी तीन पावलांवर पडली होती आणि आम्ही कर्नाटकात ट्रक शोधत होतो. मी पुन्हा तोंड उघडलं, सरांनी हात वर केला. मागून थिएटरचा फोन वाजला. माणगावकर विचारत होते, “आणताय की मी चहाला जाऊ?”

द्वारकाबाई एवढा वेळ दाराला टेकून सगळं ऐकत होत्या. त्या पुढं आल्या.

“एक बाप्याच पायजे न्हवं?”

“जवळचा नातेवाईक हवा, आजी. पुरुष.”

“आनतो,” असं म्हणून त्या पदर खोचून बाहेर गेल्या.

बाहेरच्या व्हरांड्यात कुणाकुणाचे नातेवाईक बसलेले असत. द्वारकाबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एका माणसाचं कोपर होतं. पन्नाशीचा, पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी, चेहऱ्यावर शाळेत पहिल्या दिवशी असतो तसा भाव.

“ह्यो आमचा धाकला. कलावतीचा दीर.”

ही बातमी त्या माणसालाही तेव्हाच कळत असावी. त्यानं एकदा म्हातारीकडं पाहिलं, एकदा सरांकडं, आणि हळूच मान हलवली.

“या, या. बसा,” सर म्हणाले.

सरांच्या तोंडून ‘बसा’ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी खुर्ची ओढून दिली. कागद घेतला, त्यावर हृदयाचं चित्र काढलं, झडप कुठं असते, गुठळी कुठं धरलीय, ऑपरेशनमध्ये काय करणार, जिवाला धोका किती, सगळं शांतपणे, आदरानं समजावून सांगितलं. जिच्या छातीचं ते चित्र होतं तिला ते कुणी दाखवलं नव्हतं. ती मान उचलून लांबून बघायचा प्रयत्न करत होती.

“वाचंल न्हवं?” त्या माणसानं विचारलं.

“प्रयत्न करू. थांबलो तर मात्र नाही वाचणार.”

“मग थांबताय कशाला? आना कागद.”

त्यानं झटक्यात सही केली. नात्याच्या रकान्यात ‘दीर’ असं लिहिलं, वेलांटी चुकली होती ती दुरुस्तही केली. सरांनी कागदावर ओझरती नजर टाकली आणि तो माझ्याकडं दिला. “बघ, चौगुले. घरचा जबाबदार माणूस वेळेत आला की कशी कामं होतात.”

खाट हलली. जाता जाता कलावतीनं त्या माणसाला हात जोडले. “भावजी, उपकार झालं,” ती म्हणाली आणि एक डोळा बारीक केला. शॉकमधल्या रुग्णानं डोळा मारल्याचं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी पाहिलं आहे.

थिएटरचं दार बंद झाल्यावर मी तो कागद नीट वाचला. रुग्ण, कलावती सर्जेराव खिलारे. संमती देणारा दीर, भूपाल मगदूम. खिलाऱ्यांच्या घरात मगदूम दीर कुठून आला, असा प्रश्न वरिष्ठांना पडला नव्हता. मला पडला, पण मी कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवला आणि वरून रबर लावलं. त्याबद्दल मला त्या वेळी काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

द्वारकाबाई थिएटरच्या पायरीवर बसून कुठल्या तरी देवाला दमात घेत होत्या. दीर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला होता. मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेले. एवढं नाटक वठवलं, त्याला चहा तरी मिळायला हवा.

“मगदूम, तुम्ही यांचे कोण?”

त्यांनी जीभ चावली. “कळलं व्हय तुमास्नी? कोन न्हाई, बाई. म्हातारी आली, म्हणाली, तुला आई हाय का? म्हटलं न्हाई. म्हणाली, मग मी समज आन् चल.”

मी खळखळून हसले. दिवसभरात पहिल्यांदा मोकळं हसले. तेही हसले, मग चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले.

“आणि तुम्ही इथं कुणासाठी?”

“मंडळी हाय न्हवं आत. त्या पल्याडच्या खोलीत. सकाळधरनं.”

पल्याडची खोली दुसऱ्या पथकाची होती, मी त्या दिवशी तिकडं गेलेच नव्हते. मगदूमांच्या बायकोचं नाव पद्मिनी. लहानपणी सांधे सुजले होते, त्या आजारानं झडप आकसली होती, हे कुणाला कळलं नव्हतं. आता फुप्फुसात पाणी भरत होतं. मांडीच्या शिरेतून फुगा वर नेऊन झडप उघडायची, असं सकाळीच ठरलं होतं. त्या पथकानं मगदूमांना तेही सगळं समजावून सांगितलं होतं, चित्र काढून.

“मग?”

“थोरल्या अण्णाला इचारल्याबिगर कसं? अण्णा चिकोडीकडं गेलाय, पुतणीचं लगीन ठरवायला. फोनवर म्हणाला, मी आल्याबिगर कागदाला हात लावू नगंस.”

“पण मगाशी तर हात लावलात. ओळख ना पाळख, तिच्यासाठी झटक्यात सही केलीत.”

त्यांनी कप बाकावर ठेवला.

“परक्याचं सोपं असतंय, बाई. ती बाई गेली असती तर मी हळहळलो असतो आन् घरला जाऊन जेवलो असतो. हिचं काय झालं तर? माझ्या हातानं सही केली आन् ती गेली, म्हंजी मग मी आयुष्यभर ह्या हातानं कसं जेवू? अण्णानं केली तर निदान माझ्या हातानं न्हाई झालं.”

मला त्याचा राग आला, मग कीव आली, मग कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. त्यांना तिथंच सोडून मी पल्याडच्या खोलीत गेले.

पद्मिनीताई आडव्या होऊ शकत नव्हत्या. पाठीला चार उशा लावून, दोन्ही हात खाटेवर रोवून त्या बसल्या होत्या, श्वास घेणं एवढं एकच काम करत. केस नीट विंचरलेले होते. घरून निघताना विंचरून आल्या असणार.

“तुम्हाला काय करणार आहेत ते सांगितलं का कुणी?” मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

मी खिशातला कागद काढला आणि चित्र काढलं. माझी चित्रकला सरांपेक्षा वाईट आहे, हृदय बटाट्यासारखं झालं. त्यांनी ते लक्ष देऊन पाहिलं, आणि आकसलेल्या झडपेवर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणाले. फुगा दाखवला. धोका सांगितला, लपवला नाही.

“करायचं का?”

“करा की.”

“सही तुम्ही कराल?”

त्यांनी मास्क उचलला. “आना. सकाळधरनं हितंच हाय मी. मला कुनी इचारलंच न्हाई.”

पेन धरायला हाताला जोर नव्हता. तरी त्यांनी सगळं नाव लिहिलं, पद्मिनी भूपाल मगदूम, एकेक अक्षर करत.

मी तो कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. सरांनी सही पाहिली.

“हे काय? नवरा कुठाय?”

“नवरा बाहेर आहे, सर. तुम्ही त्याला ओळखता. मगाशी तुम्ही त्याला खुर्ची दिलीत.”

“तो खिलारेचा दीर.”

“तो खिलाऱ्यांचा कुणीही नाही, सर. व्हरांड्यातून धरून आणलेला परका माणूस आहे. त्याच्या सहीवर आत्ता एक बाई थिएटरमध्ये आहे. परक्याची चालते, मग जिची छाती तिची का नाही?”

सरांचा चेहरा प्रथम लाल झाला, मग पांढरा. मला वाटलं, आता माझं शिक्षण संपलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तू हे कुणाला बोलली आहेस का?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. मग ते उठले, कोट काढून खुर्चीवर फेकला. त्याला चुणी पडली तरी त्यांनी पाहिलं नाही. “फुग्यासाठी लॅब तयार करायला सांग,” ते म्हणाले.

सरांचा हात सोन्याचा होता, हे मी त्यांच्या पाठीमागंही म्हणायचे. फुगा एका फटक्यात जागेवर गेला, झडप उघडली. पडद्यावर आकडे सुधारताना आम्ही दोघांनी बघितले आणि त्यांनी माझ्याकडं पाहून मान हलवली. पण शरीर सकाळपासून बुडत होतं. मूत्रपिंडं बंद पडली होती, ती परत चालूच झाली नाहीत. पद्मिनीताई पहाटे गेल्या.

कलावती जगली. नवरा दुसऱ्या दिवशी ट्रकसकट आला, आणि त्यानं काही फोडलं नाही. उलट सरांच्या पाया पडताना त्यांच्या कोटाला मिरचीचे हात लावले. पुढं ती तपासणीला यायची तेव्हा माझ्यासाठी चटणीचा डबा आणायची. ती चटणी खाल्ली की मला स्वतःच्या हृदयाची काळजी वाटायची. गोळी तिनं पुन्हा बंद केली नाही, निदान मला तसं सांगायची. सरांनी हैदराबादला निबंध वाचला, त्यात दाखल झाल्यानंतरचा वेळही होता. माझं नाव सगळ्यांत शेवटी होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. विभागात बाईची सही बाईकडून घ्यायला सुरुवात झाली. नियम पूर्वीचाही लिहिलेला नव्हता, हाही लिहिला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी पद्मिनीताईंचे कागद पुरे करत होते, तेव्हा थोरले मगदूम आले. उंचेपुरे, परीटघडीचे कपडे, मागं त्यांचे दोन मुलगे. भूपाल बाकावर बसून होते. भाऊ समोर आला तरी ते उठले नाहीत. अण्णा तसेच पुढं माझ्या टेबलापाशी आले. खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं.

“रातभर गाडी मिळाली न्हाई. बोला, कुटं करायची सही?”

“अण्णा, पद्मिनीताई पहाटे गेल्या,” मी म्हणाले.

ते पेन धरून तसेच उभे राहिले. मुलांपैकी एकानं तोंडाला रुमाल लावला. थोड्या वेळानं अण्णांनी खालच्या आवाजात विचारलं, आता काय करावं लागंल? मी मृतदेह ताब्यात घेण्याचा कागद पुढं ठेवला. सही कुणाचीही चालली असती. अण्णांनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि कागद उचलून बाकाकडं गेले.

“भूपाल,” ते म्हणाले, “बायको तुझी हाय. ही तू कर.”